शून्य जुळतो का?

१९९३ साली भोसरीतल्या एका कारखान्यात पर्सोनेल खात्यात लागलो, तेव्हा मुलाखतीत तीनच प्रश्न असत. गाव कुठलं, वडील काय करतात, आणि आपल्या कंपनीत कोणी ओळखीचं आहे का. पाच मिनिटांत साहेब अर्जाच्या कोपऱ्यात ‘चुणचुणीत’ असा शेरा मारत. पुढे तो मारायचा अधिकार माझ्याकडे आला आणि मीही तो सढळ हाताने वापरला.

१९९७ मध्ये टर्नरच्या एका जागेसाठी दोन मुलं आली. एकजण घडाघडा बोलला. दुसरा मान खाली घालून ‘हो’, ‘नाही’ एवढंच. मी पहिल्याला घेतलं. महिनाभरात त्याने इतके बुश स्क्रॅप केले की टूलरूमचे फोरमन माझ्या टेबलावर एक मूठ बुश ओतून गेले. जाताना म्हणाले, “साहेब, लेथवर तोंड चालत नाही.” दुसऱ्या मुलाचा पत्ता मी शोधला, पण तोवर तो दुसरीकडे लागला होता.

तेव्हापासून फोरमन मुलाखतीला बसू लागले, तेही रिकाम्या हाताने नाही. ते उमेदवाराला मापण्यासाठी एक तयार जॉब, म्हणजे घडवलेला भाग, देत आणि सोबत एक मायक्रोमीटर, शून्य मुद्दाम बिघडवलेला. सरावलेला हात आधी मायक्रोमीटर पुसून बंद करतो, शून्य जुळतो का बघतो आणि मगच माप घेतो. घाईचा माणूस थेट आकडा सांगतो. माझ्या अर्ध्या तासाच्या गप्पांतून जे कळत नसे, ते इथे अर्ध्या मिनिटात दिसे.

आपण काही नवं करतोय असं आम्हाला वाटलं होतं. पुढे वाचनात आलं की १९५५ मध्ये इस्रायलच्या सैन्यात एकवीस वर्षांच्या मानसशास्त्रज्ञ डॅनियल कानेमान यांना हेच कोडं पडलं होतं. मुलाखत घेणाऱ्यांचं एकूण मत फारसं खरं ठरत नव्हतं. त्यांनी सहा गुण ठरवले, प्रत्येकासाठी मुलाने पूर्वी काय केलंय याचे ठरलेले प्रश्न दिले आणि एका गुणाचे मार्क मांडल्याशिवाय पुढे जायचं नाही असा नियम केला. मुलाखत घेणारे चिडले, आम्हाला यंत्र करताय म्हणाले. तेव्हा कानेमान यांनी शेवटी एक सूट दिली: आता डोळे मिटा, हा मुलगा सैनिक म्हणून कसा असेल ते मनात आणा आणि एक आकडा द्या. निकाल तपासले तर हा डोळे मिटून दिलेला आकडाही सहा गुणांच्या बेरजेइतकाच कामाचा निघाला. मला या गोष्टीत सगळ्यात आवडतं ते हेच. अंदाज वाया जात नाही, फक्त त्याची पाळी शेवटी यावी लागते. आम्ही तो पहिल्याच मिनिटाला लावत होतो.

तोंडी परीक्षेवरचा अविश्वास कोर्टातही पोचला होता. श्रीनगरच्या रिजनल इंजिनिअरिंग कॉलेजच्या प्रवेशात दोन-तीन मिनिटांच्या मुलाखतीला एकूण गुणांतला तिसरा हिस्सा होता. १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो मनमानी ठरवला आणि अशा प्रवेशांसाठी १५ टक्क्यांची मर्यादा सांगितली. १ जानेवारी २०१६ पासून तर केंद्र सरकारने गट ‘क’ आणि अराजपत्रित गट ‘ब’च्या भरतीतून मुलाखतच काढून टाकली. वशिल्याची एक खिडकी बंद झाली हे बरंच झालं. पण आमच्यासारख्या ठिकाणी मुलाखत काढून चालत नाही, ती नीट घ्यावी लागते. आम्ही सगळ्यांना तेच प्रश्न त्याच क्रमाने विचारू लागलो. मुलाखत घेणाऱ्या तिघांनी आपापले मार्क आधी कागदावर लिहायचे, मग बोलायचं. आधी बोललं की साहेबांचा आकडा सगळ्यांचा होतो!

२०२० मध्ये मुलाखती मोबाइलवर गेल्या. एका मुलाच्या उत्तरांआधी मागून हळू आवाजात तीच उत्तरं ऐकू येत. त्या वर्षी मायक्रोमीटर ड्रॉवरमध्येच राहिला.

२०२४ मध्ये, निवृत्तीच्या आठवड्यात, आयटीआय झालेली एक मुलगी समोर बसली होती. तिने मायक्रोमीटर ओढणीच्या टोकाने पुसला, बंद केला, उजेडाकडे धरला. “सर, ह्याचा शून्य जुळत नाहीये. दुसरा आहे का?”

मी मार्क लिहिले, कागद पालथा घातला आणि मग तिला गाव कुठलं ते विचारलं.