पेढीसाठी पहिला मेकॅनिकल कीबोर्ड

२०१७ साली जीएसटी आला आणि बिल, रिटर्न, ई-वे बिल सारे संगणकावर गेले. तरी आम्ही व्यापारी कीबोर्ड मात्र सर्वांत स्वस्त घेतो. त्यात बटणांखाली रबराचा पडदा असतो. तो झिजला की शून्य कधी उमटते, कधी नाही. बिलात एक शून्य गळाले तर हिशेबाबरोबर गिऱ्हाइकाचा विश्वासही जातो.

मेकॅनिकल कीबोर्डात प्रत्येक बटणाला स्वतंत्र स्विच व स्प्रिंग असते. 'चेरी' या जर्मन कंपनीच्या पद्धतीत लाल स्विच सरळ खाली जातो, तपकिरी बोटाला हलका अडथळा देतो, निळा टकटक वाजतो. गिऱ्हाईक समोर बसत असेल तर निळा नको. आम्ही तपकिरी सुचवू. बटण दबल्याचे बोटाला कळते. उजवीकडे आकड्यांचा भाग आहे ना, हेही पाहावे. छोट्या, देखण्या मॉडेलांत तो नसतो.

आता बटणांच्या टोप्या. इथे आपली कापडाची पारख उपयोगी पडते. वरून छापलेले अक्षर कच्च्या छपाईसारखे पुसले जाते. 'डबल-शॉट'मध्ये अक्षर दुसऱ्या प्लास्टिकचेच ओतलेले असते, जणू रंगीत सुताचे विणकाम. 'एबीएस' प्लास्टिक वापराने तुकतुकीत होते, 'पीबीटी' अधिक टिकते. टोपी नंतरही बदलता येते, मात्र स्विचच्या दांड्याशी व बटणांच्या मापाशी जुळली पाहिजे.

रंगीत दिव्यांवरचा खर्च म्हणजे फिजूलखर्ची. तो पैसा स्विच आणि टोप्यांवर घालावा.