वळू निरोगी, तरी गाई रिकाम्या

वळू धिप्पाड, शुक्रजंतूही चपळ. तरी गाई उलटतात आणि बोल मात्र गाईंनाच लागतो. युरोपांतील फ्लेकफी जातीच्या अशा ४० वळूंचा दोष २०१४ सालीं शास्त्रज्ञांना उमगला. त्यांच्या रेतानें केलेल्या ३५,६७१ रेतनांपैकीं अवघीं १.७ टक्के सफल झालीं होतीं. निकोप शुक्रजंतूच्या पृष्ठभागावर टीएमईएम-९५ नांवाचें प्रथिन असतें. तें या वळूंच्या शुक्रजंतूंवर मुळींच नव्हतें. त्यावांचून स्त्रीबीजाशीं मीलन घडेना. हा दोष आई व बाप या दोहोंकडून आला, तरच वळूंत प्रकटतो. तात्पर्य, सूक्ष्मदर्शकाची साक्ष पुरेशी नव्हे. वळू पारखतांना त्यापासून किती गाई गाभण राहिल्या, तो आंकडा शेतकरी बंधूंनीं अवश्य विचारावा. गाईला दोष मागाहून द्यावा.