मणक्यातील चकतीची झीज : भार, उपासमार आणि दाह

रायपूर शहरातील गुढियारी हा धान्य आणि किराणा मालाच्या घाऊक व्यापाराचा परिसर म्हणून ओळखला जातो. मालमोटारी रिकाम्या करणे, गोदामात पोत्यांची थप्पी रचणे आणि दुकानदारांचा माल गाड्यांवर चढविणे ही कामे अशा बाजारांत आजही मोठ्या प्रमाणावर हमालांच्या पाठीवर चालतात. पुण्याचे मार्केट यार्ड, नवी मुंबईतील वाशीचा बाजार किंवा नागपूरचा कळमना बाजार येथील चित्र फारसे वेगळे नाही. रोजच्या कामावर रोजची मजुरी मिळविणाऱ्या कामगाराची कंबर धरली, तर त्याच दिवसापासून घरातील मिळकत थांबते.

'मणक्यात गॅप पडला' किंवा 'गादी झिजली' अशा शब्दांत या दुखण्याचे वर्णन केले जाते. यंत्राचा सुटा भाग वापराने झिजावा, तशी चकती ओझ्याने झिजते, असा समज त्यामागे असतो. गेल्या तीन दशकांतील संशोधनाने मात्र या प्रक्रियेचे अधिक गुंतागुंतीचे स्वरूप पुढे आणले आहे. चकती ही जिवंत ऊती असून तिच्या पेशींना मिळणारे पोषण आणि त्यांच्याभोवती निर्माण होणारा दाह यांवर तिचे आयुष्य बऱ्याच अंशी अवलंबून असते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या माहितीनुसार २०२० मध्ये जगातील ६१ कोटी ९० लाख लोकांना कंबरदुखीचा त्रास होता. अशा प्रत्येक दुखण्याचे मूळ चकतीतच असते असे नाही. स्नायू, सांधे आणि अस्थिबंध हेही त्याला कारणीभूत ठरतात. तथापि, चकतीची झीज हे एक महत्त्वाचे कारण मानले जाते.

रक्तवाहिन्यांविना जगणाऱ्या पेशी

मानवी कण्यात सामान्यतः २३ चकत्या असतात. प्रत्येक चकतीच्या मध्यभागी जेलीसारखा मऊ गाभा असून त्याभोवती कोलॅजेन तंतूंची घट्ट वलये असतात. वर आणि खाली कूर्चेचे पातळ पडदे चकतीला मणक्यांच्या हाडांशी जोडतात. तरुण वयात गाभ्यात सुमारे ८० टक्के पाणी असते. ॲग्रिकन नावाचे प्रथिनयुक्त संयुग हे पाणी धरून ठेवते आणि त्यामुळे चकतीला भार पेलण्याची क्षमता प्राप्त होते.

प्रौढ माणसाच्या चकतीच्या गाभ्यात रक्तवाहिन्या नसतात. सर्वांत जवळची रक्तवाहिनीही गाभ्यातील काही पेशींपासून सहा ते आठ मिलिमीटर दूर असू शकते. प्राणवायू आणि ग्लुकोज कूर्चेच्या पडद्यांतून झिरपत पेशींपर्यंत पोहोचतात, तर पेशींनी तयार केलेले लॅक्टिक आम्ल त्याच वाटेने बाहेर पडते.

ही वाट किती नाजूक आहे, हे भारतात झालेल्या एका अभ्यासातून दिसून आले. कोइमतूर येथील गंगा रुग्णालयाचे अस्थिशल्यचिकित्सक डॉ. एस. राजशेखरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शिरेतून विशिष्ट द्रव्य देऊन ठरावीक अंतराने एमआरआय चित्रण केले. हाडात काही मिनिटांत दिसणारे हे द्रव्य गाभ्यात पोहोचण्यास कित्येक तास लागत असल्याचे त्यांना आढळले. कूर्चेच्या पडद्याला इजा झाल्यास पोषणाचा हा प्रवास बिघडतो, असा निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या संशोधनातून निघाला.

दाहाचे दुष्टचक्र

वाढते वय, इजा किंवा धूम्रपान यांमुळे पोषणाची वाट अरुंद झाली, की ग्लुकोज कमी पडते आणि लॅक्टिक आम्ल साचून राहते. आम्लता वाढलेल्या या वातावरणात काही पेशी मरतात आणि उरलेल्यांचे वर्तन बदलते.

अशा पेशी इंटरल्यूकिन-१ आणि ट्यूमर नेक्रोसिस फॅक्टर-अल्फा ही दाह निर्माण करणारी प्रथिने अधिक प्रमाणात स्रवू लागतात. त्यांच्या प्रभावाखाली ॲग्रिकन आणि कोलॅजेन यांचे विघटन करणारी विकरे वाढतात व नव्या ॲग्रिकनची निर्मिती मंदावते. गाभ्यातील पाणी घटते, चकतीची उंची कमी होते आणि भार असमान पडून वलयांना चिरा जातात. इजेमुळे दाह वाढतो आणि दाहामुळे पुन्हा झीज वाढते.

निरोगी चकतीत मज्जातंतू केवळ बाहेरच्या वलयांपुरते मर्यादित असतात. वेदना असलेल्या काही रुग्णांच्या चकत्यांमध्ये ते आतल्या भागापर्यंत शिरल्याचे इंग्लंडमधील संशोधकांनी १९९७ मध्ये दाखवून दिले. एरवी न जाणवणारी झीज काहींच्या बाबतीत वेदनादायक का ठरते, याचा उलगडा होण्यास त्यामुळे मदत झाली.

दाहाची दुसरी बाजूही आहे. चकतीचा तुकडा बाहेर सरकल्यास शरीराच्या संरक्षक पेशी तेथे येऊन तो हळूहळू विरघळवितात. सरकलेल्या चकतीचे अनेक रुग्ण शस्त्रक्रियेविना काही आठवड्यांत किंवा महिन्यांत बरे होतात, त्यामागे ही प्रक्रियाही असते.

भाराचा वाटा

जर्मनीतील उल्म येथील संशोधकांनी ४५ वर्षे वयाच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या चकतीत दाबमापक बसवून केलेल्या नोंदी १९९९ मध्ये प्रसिद्ध झाल्या. आडवे पडल्यावर हा दाब ०.१, तर उभे असताना ०.५ मेगापास्कल होता. कंबरेत वाकून २० किलो वजन उचलताना तो २.३ पर्यंत गेला, तर गुडघे वाकवून तेच वजन उचलताना १.७ एवढाच राहिला. रात्रीच्या सात तासांच्या विश्रांतीत चकतीने पुन्हा पाणी शोषून घेतल्याने दाब ०.१ वरून ०.२४ पर्यंत वाढला. भार आणि विश्रांती यांचे आवर्तन चकतीला कसे आवश्यक आहे, हे या आकड्यांवरून स्पष्ट होते.

फिनलंडमधील जुळ्या भावांच्या अभ्यासात मात्र चकतीच्या झिजेत आनुवंशिकतेचा वाटा अपेक्षेपेक्षा बराच मोठा आढळला. म्हणूनच समान ओझी वाहणाऱ्या दोन हमालांपैकी एकाची पाठ वेळेआधी निकामी होऊ शकते. त्यात त्याचा दोष नसतो आणि सहकाऱ्याची ठणठणीत पाठ हा काम सुरक्षित असल्याचा पुरावाही ठरत नाही.

उपचार आणि काळजी

२०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यानुसार, पाठदुखी नसलेल्या विशीतील ३७ टक्के, तर ऐंशी वर्षांच्या ९६ टक्के व्यक्तींच्या चित्रणात चकतीची झीज आढळते. त्यामुळे केवळ एमआरआय अहवाल पाहून शस्त्रक्रियेचा निर्णय घेणे योग्य नाही. मात्र लघवी किंवा शौचावरील नियंत्रण जाणे, जांघेभोवतीचा भाग बधिर होणे, पायातील शक्ती झपाट्याने कमी होणे ही लक्षणे दिसल्यास विनाविलंब रुग्णालय गाठणे आवश्यक आहे.

दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहणे हितकारक नसल्याचे सिद्ध झाले आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये दिलेल्या मार्गदर्शक सूचनांत दीर्घकालीन कंबरदुखीसाठी व्यायाम आणि रुग्णशिक्षण यांवर भर असून कमरेचे पट्टे व ट्रॅक्शन यांचा नेहमीचा वापर टाळण्यास सांगितले आहे. मूलपेशींच्या साह्याने चकती पुन्हा घडविण्याचे प्रयत्न सुरू असले, तरी ते अद्याप नित्याच्या उपचारांचा भाग झालेले नाहीत. बिडी, सिगारेट सोडणे हा उपाय मात्र आज प्रत्येकाच्या हाती आहे.

ओझ्याच्या मर्यादेचा प्रश्न एकट्या कामगाराच्या हाती नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने १९६७ मध्येच प्रौढ पुरुषाने वाहावयाच्या ओझ्यासाठी ५५ किलोंची मर्यादा सुचविली होती. पुण्यात डॉ. बाबा आढाव यांनी उभारलेल्या हमाल पंचायतीने हमालांच्या प्रश्नांवर दीर्घ लढा दिला, तर महाराष्ट्रात १९६९ मध्ये माथाडी कामगारांसाठी स्वतंत्र कायदा झाला. पोत्याचे वजन, ढकलगाडीची सोय आणि दोन खेपांमधील विसावा या बाबी बाजाराच्या व्यवस्थेत ठरतात. चकतीतील पेशींना पोषण मिळण्यास लागणारा वेळ पाहता, हा विसावा कामाचाच भाग मानला जाणे वैद्यकीयदृष्ट्याही समर्थनीय ठरते.