वेगाच्या पोटात काय असते?

एप्रिल २०२४ मध्ये कॅनडातील टोरांटो येथे कँडिडेट्स स्पर्धा झाली. बुद्धिबळाच्या जगज्जेत्याला आव्हान कोण देणार, हे ठरवणारी ही स्पर्धा. खेळाडू आठ, प्रत्येकाशी दोन डाव. दुसऱ्याच फेरीत नाशिकच्या विदित गुजराथीने काळ्या मोहऱ्यांनी खेळताना उंटाचा बळी देऊन अमेरिकेच्या हिकारू नाकामुराला हरवले. त्याआधी नाकामुरा पारंपरिक पद्धतीच्या सत्तेचाळीस डावांत अपराजित होता. नवव्या फेरीत विदितने पांढऱ्या मोहऱ्यांनी त्याला पुन्हा हरवले. आपल्याकडे आनंद झाला आणि तो साहजिकच होता.

परंतु याच नाकामुराची दुसरी ओळख पाहिली, की अभ्यासकापुढे एक प्रश्न उभा राहतो. संगणकाच्या पडद्यावर खेळल्या जाणाऱ्या विद्युतगती बुद्धिबळात त्याच्या तोडीचे खेळाडू जगात एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. चेस डॉट कॉम या संकेतस्थळाची स्पीड चेस स्पर्धा त्याने २०१८ ते २०२२ अशी सलग पाच वर्षे जिंकली. २०२२ च्या अंतिम सामन्यात त्याने मॅग्नस कार्लसनला १४.५ विरुद्ध १३.५ असे नमवले; पुढच्या वर्षी कार्लसनने १३.५ विरुद्ध १२.५ अशी परतफेड केली. दोन्ही सामने एका गुणाच्या फरकाने सुटले.

मग याच माणसाला पारंपरिक डावात जे जड गेले, ते पडद्यावर का जड जात नाही? वेगाने खेळणाऱ्याचे गुण नेमके कोणते आणि दोष कुठे दडतात? आज घराघरांत मुले मोबाइलवर रोज वीस-वीस, तीस-तीस डाव खेळतात. ‘याने खेळ सुधारतो की बिघडतो?’ असे पालक विचारतात. नाकामुराचे डाव सर्वांना पाहण्यासाठी खुले आहेत, म्हणून त्याच्या उदाहरणावरून उत्तर शोधू.

घड्याळाचे गणित

टोरांटोत पहिल्या चाळीस चालींसाठी प्रत्येक खेळाडूला दोन तास होते, म्हणजे सरासरी एका चालीला तीन मिनिटे. विद्युतगती प्रकारात तीन मिनिटांत अख्खा डाव उरकावा लागतो. चाळीस चाली धरल्या तर एका चालीला साडेचार सेकंद येतात. एका मिनिटाच्या ‘बुलेट’ डावात तर दीड सेकंदच. स्पीड चेसच्या सामन्यात तीन टप्पे असत. आधी दीड तास पाच मिनिटांचे डाव, मग एक तास तीन मिनिटांचे आणि शेवटी अर्धा तास एका मिनिटाचे. प्रत्येक चालीला वर एका सेकंदाची भर. तीन तासांत पंचवीस-तीस डाव होत.

पडद्यावरच्या खेळात आणखी एक सोय आहे, ती म्हणजे आगाऊ चाल. प्रतिस्पर्धी विचार करत असतानाच आपली पुढची चाल नोंदवून ठेवायची. त्याची खेळी झाली की ती आपोआप खेळली जाते आणि आपला वेळ जवळजवळ खर्चच होत नाही. अंदाज चुकला तर मात्र धडधडीत वजीर फुकट जातो.

दीड सेकंदात विचार होतो का?

सरळ उत्तर द्यायचे तर फारसा होत नाही. तिथे ओळख पटते. डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ग्रूट यांनी १९४६ मध्ये दाखवून दिले, की ग्रँडमास्टर हा चांगल्या क्लब खेळाडूपेक्षा फार खोलवर चाली मोजतो असे नाही. त्याची नजर पहिल्यापासूनच योग्य चालीकडे जाते. १९७३ मध्ये अमेरिकेत विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी हा धागा पुढे नेला. खऱ्या डावातली स्थिती पाच सेकंद दाखवून ती आठवणीने मांडायला सांगितली, तेव्हा मास्टर दर्जाच्या खेळाडूला पहिल्या झटक्यात सोळाच्या आसपास मोहरी जागच्या जागी ठेवता आली, नवशिक्याला चारच्या आसपास. पण मोहरी पटावर वाटेल तशी विखरून मांडली, तेव्हा मास्टरची ही आघाडी जवळपास नाहीशी झाली. म्हणजे त्याची स्मरणशक्ती अलौकिक नव्हती. त्याच्या डोक्यात अर्थपूर्ण रचनांचा साठा होता.

विद्युतगती खेळाडू हा साठा खर्च करत असतो. एक साधे उदाहरण घेऊ. प्रतिस्पर्ध्याकडे हत्ती आणि एक प्यादे, आपल्याकडे फक्त हत्ती, आणि आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेत उभा. अशा वेळी फिलिडोरची बचावपद्धत माहीत असलेला खेळाडू आपल्या बाजूने मोजलेल्या तिसऱ्या ओळीवर हत्ती धरून ठेवतो. प्यादे त्या ओळीवर आले, की हत्ती पटाच्या पार दुसऱ्या टोकाला नेऊन मागून शह देत राहतो. बरोबरी पक्की. हे ज्याने एकदा शांतपणे शिकून घेतले आहे, त्याला दहा सेकंद उरले तरी पुरतात. ज्याने शिकलेले नाही, तो मिनिटभर घाम गाळतो आणि तरीही हरतो. बघणाऱ्याला वाटते, पहिल्याचा हात जलद आहे. हात दोघांचेही सारखेच जलद असतात.

नाकामुराची बलस्थाने

पहिले बलस्थान हा साठाच. १९८७ मध्ये जपानमध्ये जन्मलेला आणि अमेरिकेत वाढलेला नाकामुरा पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाला. मूळचे श्रीलंकेचे असलेले त्याचे सावत्र वडील सुनील वीरमंत्री हे नावाजलेले प्रशिक्षक. साठ्याची पायाभरणी घरातच झाली आणि पुढे हजारो डावांनी तो वाढत गेला. हा साठा म्हणजे केवळ पाठ केलेल्या सुरुवातीच्या चाली असाव्यात, अशी शंका येऊ शकते. तिचे उत्तर २०२२ मध्ये मिळाले. मागच्या ओळीतील मोहऱ्यांची जागा चिठ्ठ्या टाकल्यासारखी बदलून खेळल्या जाणाऱ्या ‘फिशर रँडम’ प्रकारात पाठांतर निरुपयोगी ठरते. त्या प्रकारातले जागतिक विजेतेपद त्याने त्या वर्षी आइसलँडमधील रेकयाविक येथे मिळवले.

दुसरे बलस्थान म्हणजे वेळेचा हिशेब. स्थिती साधी असेल तिथे तो क्षणभरही थांबत नाही आणि वाचवलेले सेकंद गुंतागुंतीच्या चालीवर घालवतो. सामान्य खेळाडू नेमके उलटे करतो. सुरुवातीच्या ओळखीच्या चालींवर रेंगाळतो आणि निकालाचा क्षण येईपर्यंत त्याचे घड्याळ रिकामे झालेले असते.

तिसरे बलस्थान चिवट बचाव. हरत आलेल्या डावात तो दर चालीला प्रतिस्पर्ध्यापुढे एक नवा प्रश्न ठेवतो. वेळ भरपूर असेल तर त्या प्रश्नांची उत्तरे सापडतात. साडेचार सेकंदांत सगळ्यांची सापडत नाहीत.

चौथे बलस्थान मनाचे. अठ्ठावीस डावांच्या सामन्यात एखादा डाव हातातोंडाशी येऊन निसटतोच. दहा सेकंदांत पुढचा सुरू होतो. मागचा डाव मागे सोडता येणे हे इथे फार मोठे कौशल्य आहे.

वेग काय झाकतो?

आता दुसरी बाजू. २००४ मध्ये ब्रूस बर्न्स या संशोधकाने विद्युतगती स्पर्धांचे निकाल तपासले. नेहमीच्या पाच टक्क्यांहूनही कमी वेळ मिळाला असता खेळाडू कसा खेळतो, यावरून खेळाडूंच्या ताकदीतील ८१ टक्क्यांपर्यंतच्या फरकाचा उलगडा होतो, असे त्याला आढळले. थोडक्यात, जो संथ खेळात बलवान तो बहुधा वेगातही बलवान. पण २००३ मध्ये क्रिस्तोफर शब्री आणि एलियट हर्स्ट यांनी ग्रँडमास्टरांच्याच डावांची तुलना केली, तेव्हा जलदगती डावांत चुका अधिक आणि मोठ्या झालेल्या दिसल्या. ही दोन निरीक्षणे एकमेकांच्या विरोधात नाहीत. ओळख बरेच काही करते. उरलेला भाग खोल गणनेचा असतो, आणि त्याला वेळच लागतो.

नाकामुराचे गाजलेले तीन पराभव या उरलेल्या भागाशी जोडून पाहता येतात. २०१४ मध्ये झुरिक येथे पारंपरिक डावात त्याने कार्लसनवर जबरदस्त हल्ला चढवला होता. डाव जिंकलेला होता, पण शेवटचा घाव अचूक बसला नाही आणि अखेर कार्लसनच जिंकला. पारंपरिक डावात कार्लसनला हरवायला नाकामुराला २०१६ च्या बिल्बाओ स्पर्धेपर्यंत थांबावे लागले.

जुलै २०२२ मध्ये माद्रिदच्या कँडिडेट्स स्पर्धेत शेवटच्या फेरीत बरोबरी केली असती तरी नाकामुराचा दुसरा क्रमांक निश्चित होता. समोर डिंग लिरेन होता. त्याने सावकाश दाब वाढवत डाव जिंकला आणि दुसरे स्थान घेतले. त्याच महिन्यात कार्लसनने जगज्जेतेपद राखण्यासाठी खेळणार नसल्याचे जाहीर केले. पुढच्या वर्षी नेपोम्नियाचीविरुद्ध खेळून डिंग जगज्जेता झाला. एका डावाची किंमत किती असू शकते, ते इथे दिसते.

तिसरा पराभव टोरांटोचा. घरून तयारी करून आणलेल्या कल्पनेपुढे त्याला पटावर बसून नव्याने उत्तर शोधायचे होते. ओळखीचा साठा जिथे संपतो, तिथून पुढे हे काम सुरू होते.

विद्युतगतीत यांपैकी काहीच ठळक दिसत नाही. अठ्ठावीस डावांत एक हुकलेला घाव विरघळून जातो. सावकाश दाब वाढवायला प्रतिस्पर्ध्याकडे वेळ नसतो. म्हणून केवळ वेगवान डाव पाहून खेळाडूचे मूल्यमापन केले, तर गुण दिसतात आणि दोष निसटतात.

तरीही ‘वेगाने खेळ बिघडतो’ असा निष्कर्ष घाईचा ठरेल. पडद्यावरच्या खेळासाठी जगप्रसिद्ध झाल्यानंतरच, पस्तिशी ओलांडल्यावर, नाकामुरा पारंपरिक क्रमवारीत पुन्हा जगात दुसऱ्या स्थानापर्यंत पोहोचला. टोरांटोतही विदितकडून दोनदा हरून त्याने साडेआठ गुण मिळवले. नऊ गुणांनी जिंकला तो गुकेश. विद्युतगतीतले त्याचे मानांकन पारंपरिक मानांकनापेक्षा बरेच खाली होते. डिसेंबर २०२४ मध्ये तो अठराव्या वर्षी जगज्जेता झाला. शिखरावर जाण्याचे रस्ते दोन असू शकतात. दोन्हींवर पाया मात्र संथ अभ्यासाचाच आहे.

आपले डाव कसे वाचावेत?

बहुतेक संकेतस्थळांवर डावाच्या नोंदीत प्रत्येक चालीनंतर घड्याळात किती वेळ उरला होता तेही मिळते. मुलाचे किंवा आपले हरलेले वीस डाव घ्यावेत आणि संगणकाचे विश्लेषण सुरू करण्याआधी त्यांची चार गटांत विभागणी करावी.

पहिला गट: घड्याळात भरपूर वेळ असताना हरलेले डाव. इथे दोष वेगाचा नाही. त्या प्रकारच्या स्थितीचे ज्ञानच कमी आहे. दुसरा गट: जिंकत आलेली स्थिती असून वेळ संपल्याने गेलेले डाव. ‘वेळेने घात केला’ असे इथे म्हटले जाते, पण बहुधा डावाच्या शेवटच्या टप्प्याचे मूलभूत ज्ञान कच्चे असते, म्हणून सोप्या चालींवर सेकंद जळतात. तिसरा गट: प्रतिस्पर्ध्याच्या एखाद्या अनपेक्षित चालीनंतर लगेच कोसळलेले डाव. आगाऊ चालीची सवय अंगाशी येते ती इथेच. चौथा गट: एका पराभवानंतर लागोपाठ गेलेले डाव. यात बुद्धिबळाचा भाग थोडा, रागाचा जास्त. दोन डाव सलग हरले की उठायचे, हा नियम पुरेसा आहे.

पहिल्या दोन गटांवरचा उपाय आणखी पन्नास वेगवान डाव खेळणे हा नव्हे. लाकडी पट मांडावा, हरलेल्या डावातील ती एकच स्थिती लावावी आणि घड्याळ न लावता अर्धा तास तिच्यापुढे बसावे. मग पुन्हा पडद्यावर जावे. ती स्थिती पुढच्या वेळी दोन सेकंदांत ओळखू आली, तर तो अर्धा तास सार्थकी लागला असे समजावे. रोजचे वीस डाव दहावर आणले, तर हा अर्धा तास सहज निघतो. मुलाला खेळ बंद करायला सांगण्याची वेळही येत नाही.