जुनी मोटारसायकल आणि पेट्रोलची तोटी

भोकरदन, जाफराबाद, मंठा किंवा घनसावंगी यांपैकी कोणत्याही तालुक्याच्या गावी सकाळच्या प्रहरी रस्त्याकडेला उभे राहिले, तर दोन्ही अंगांना दुधाचे कॅन बांधलेल्या मोटारसायकली एकामागून एक येताना दिसतात. त्यांत नव्या गाड्या असतात, तशाच वीस-पंचवीस वर्षे चाललेल्याही असतात. आणि क्वचित एखादी राजदूत वा येझदी आपल्या फटफटाटाने सारी पेठ जागी करीत येते. शहरातील मनुष्य जुनी मोटारसायकल हौसेने बाळगतो. खेड्यातील मनुष्य ती बाळगतो, कारण नवी घेणे परवडत नाही आणि जुनी अजून चालते. हा भेद ध्यानी घेतला म्हणजे तिच्या टाकीखालच्या एका लहानशा तोटीला वृत्तपत्राच्या स्तंभात जागा का द्यावयाची, हे कळू शकेल.

मिस्त्री जिला 'पेट्रोल कॉक' म्हणतात तीच ही तोटी. टाकीतील पेट्रोल कार्बोरेटरकडे सोडावयाचे की नाही, हे ती ठरवते. अशा गाडीला पंप नसतो. पेट्रोल आपल्या वजनाने खाली उतरते. तोटीला तीन स्थाने असतात: चालू, बंद आणि रिझर्व्ह. टाकीच्या आत तोटीची एक नळी उंच उभी असते आणि दुसरे तोंड तळाशी असते. पेट्रोलची पातळी उंच नळीच्या खाली गेली की गाडी अडखळते, स्वार चालता चालता तरफ फिरवतो आणि तळचे पेट्रोल वाहू लागते. 'रिझर्व्ह लागली' हा मराठीत पक्का रुळलेला शब्दप्रयोग या दोन तोंडांच्या उंचीतील फरकातून जन्मला आहे.

बिघाड लहान, परिणाम मोठा

तोटीच्या आत तरफेच्या पाठीमागे रबराचे किंवा बुचाचे, भोके पाडलेले एक वायसर असते व एक लवचिक चकती त्याला दाबून धरते. वर्षानुवर्षे पेट्रोलमध्ये भिजून हे वायसर फुगते, कडक होते किंवा चिरते. मग दोनपैकी एक गोष्ट घडते. एक तर तरफेच्या बाजूने पेट्रोल पाझरू लागते. नाही तर बाहेरून सारे कोरडे दिसते, परंतु तरफ 'बंद'वर असूनही आतून पेट्रोल खाली उतरतच राहते. दुसरा प्रकार अधिक फसवा होय. कार्बोरेटरमधील फ्लोटची सुईही झिजलेली असेल, तर हे पेट्रोल रात्रभर वाहून जमिनीवर सांडते किंवा थेट इंजिनात शिरते. चार-स्ट्रोक इंजिनात ते ऑइलमध्ये मिसळून त्याचे वंगण पातळ करते. दोन-स्ट्रोक इंजिनात क्रँक-केस भरून टाकते आणि सकाळी किक मारून मारून मालक घामाघूम होतो.

परंतु याहून गंभीर गोष्ट आहे ती सुरक्षिततेची. खेड्यात मोटारसायकल रात्री ओसरीत किंवा घराच्या पुढच्या खोलीतच उभी केली जाते. बाहेर ठेवली तर चोरीचे भय. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते. ती वर उडून जात नाही, जमिनीलगत पसरते. त्याच घरात पहाटे चूल पेटते किंवा देव्हाऱ्यात दिवा लागतो. थेंबथेंब गळणाऱ्या तोटीकडे 'थोडेसे झिरपते, चालायचेच' अशा दृष्टीने पाहणे म्हणजे आगीला निमंत्रण देणे होय.

दुरुस्तीतील शास्त्र

हे काम अवघड नाही, पण ते क्रमाने करावे लागते. प्रथम दोष तोटीचाच आहे, याची खात्री करावयाची. टाकीच्या झाकणातील हवेचे बारीक छिद्र बुजले, तरी पेट्रोल उतरेनासे होते आणि विनाकारण दोष तोटीच्या माथी येतो. झाकण सैल करताच गाडी नीट चालू लागली, तर तोटी निर्दोष समजावी. दोष निश्चित झाल्यावर उघड्या हवेत, विडी-काडीपासून दूर, टाकीतील सर्व पेट्रोल पत्र्याच्या डब्यात काढून घ्यावयाचे व मगच तोटी सोडवावयाची. केवळ वायसर गेले असेल तर वायसर बदलून भागते. तरफेचा घासणारा पृष्ठभाग चरे पडून खडबडीत झाला असेल, तर संपूर्ण तोटीच बदलावी लागते.

नवी तोटी घेताना चूक होते ती येथे. आटे जुळले किंवा दोन स्क्रूंमधील अंतर जुळले की दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघेही समाधान पावतात. आतील उंच नळीची लांबी कोणी मोजत नाही. ती नळी आखूड असेल, तर रिझर्व्हचा साठा तितकाच घटतो. दहा-पंधरा किलोमीटरच्या भरवशावर निघालेला मनुष्य निम्म्या वाटेत गाडी ढकलू लागतो आणि कॅनमधले दूध उन्हात नासते. शिवाय टाकीतील गंज न धुता नवी तोटी बसवली, तर तिची जाळी थोड्याच दिवसांत बुजते. फायबरचे वायसर बेताने आवळावे लागते. अंगच्या बळाने पाना फिरवला तर टाकीचेच आटे जातात आणि काही रुपयांच्या कामाचे रूपांतर टाकी बदलण्यात होते. शेवटी थोडे पेट्रोल भरून, खाली कागद अंथरून, गाडी काही तास तशीच उभी ठेवावयाची. कागद कोरडा राहिला, तर काम झाले.

राजदूत गाडी पोलंडच्या एका नमुन्यावरून १९६० च्या दशकाच्या आरंभी भारतात बनू लागली. येझदी काढणारा म्हैसूरचा आयडियल जावाचा कारखाना १९९६ साली बंद पडला. कारखाना गेला की अस्सल सुट्या भागांचा झराही आटतो. मग बाजारात येतात त्या नकला. त्यांतील काही चांगल्या असतात, काही नावापुरत्या. दोन्हींतला फरक ओळखते ती मिस्त्रीची नजर. ही विद्या कोणत्या पुस्तकातून आलेली नाही. दहा वर्षे उस्तादाच्या हाताखाली पाने उचलून ती मिळालेली आहे.

इथेनॉलचा नवा प्रश्न

या जुन्या दुखण्यात अलीकडे एका नव्या कारणाची भर पडली आहे. देशात पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट २०२२ साली गाठले गेले आणि २०२५ साली हे प्रमाण २० टक्क्यांवर पोचले. इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते. टाकीच्या तळाशी पाणी जमले की गंज वाढतो, आणि तोटी बसवलेली असते ती तळाशीच. जुन्या प्रतीचे रबर आणि बूच यांना इथेनॉल मानवत नाही. जस्ताच्या मिश्रधातूच्या ओतीव तोट्यांनाही ते बाधते. जुन्या वाहनांतील काही रबरी भाग व गॅस्केट २० ते ३० हजार किलोमीटरनंतर बदलावे लागू शकतील, हे पेट्रोलियम मंत्रालयानेही २०२५ च्या ऑगस्टमध्ये मान्य केले. मात्र तो खर्च किरकोळ आहे, असे सांगितले. नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालात शुद्ध पेट्रोलसाठी रचलेल्या व १० टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या दुचाकींची इंधनक्षमता ३ ते ४ टक्क्यांनी घटेल, असा अंदाज होता.

या धोरणाला सरसकट विरोध करणे जालन्याच्या शेतकऱ्याच्या हिताचे नाही. जायकवाडीच्या डाव्या कालव्याखालचा अंबड-घनसावंगीचा ऊस आणि भोकरदन-जाफराबादकडचा मका या दोहोंनाही इथेनॉलमुळे मागणी लाभते. परकीय चलन वाचते, हेही खरेच. परंतु ज्याच्या मक्याला गिऱ्हाईक मिळाले, त्याच्याच टाकीची तोटी गळू लागली, तर त्या हिशेबाच्या दोन्ही बाजू मांडावयास नकोत काय? ब्रिटनमध्ये सप्टेंबर २०२१ पासून १० टक्के मिश्रण सर्वत्र लागू झाले, तेव्हा जुन्या वाहनांसाठी ५ टक्क्यांचे पेट्रोल महाग दराने का होईना, पण उपलब्ध ठेवण्यात आले. ब्राझील २० टक्क्यांच्याही पुढे गेला आहे हे खरे. परंतु तेथील अल्कोहोल इंधनाचा कार्यक्रम १९७५ साली सुरू झाला आणि तेथील वाहने दशकानुदशके त्यानुसार घडत आली. आपल्याकडे २०२३ पासूनच्या वाहनांत या मिश्रणाला टिकणारे भाग बसविण्याचे ठरले. त्याआधीच्या कोट्यवधी गाड्यांचे काय, या प्रश्नाचे उत्तर गावच्या मिस्त्रीवर सोपवण्यात आले.

भंगार की दुरुस्ती?

'जुन्या गाड्या मोडीत काढा' असे याला उत्तर दिले जाते. वाहने मोडीत काढण्याचे धोरण ऑगस्ट २०२१ मध्ये जाहीर झाले. पंधरा वर्षांनंतर मोटारसायकलच्या नोंदणीचे नूतनीकरण करण्याचे शुल्क २०२२ पासून हजार रुपये झाले आणि वीस वर्षांपुढील गाडीला २०२५ मध्ये ते दोन हजार ठरले. जालना शहर तर भंगार वितळवून सळई काढणाऱ्या पोलाद कारखान्यांसाठीच प्रसिद्ध आहे. गाडी मोडीत गेली, तर तिचे लोखंड दूर जावे लागणार नाही. परंतु जी गाडी एका तोटीने आणि दोन वायसरांनी पुन्हा धडधाकट होते, ती भट्टीत लोटणे यात शहाणपण कोणते? नवी गाडी बनवण्यासही लोखंड, वीज आणि पाणी लागतेच. आणि तिच्या हप्त्यांचा बोजा त्या दूधवाल्याच्या डोक्यावर बसतो.

केंद्र सरकारने २०२२ साली 'दुरुस्तीच्या हक्का'साठी समिती नेमली व त्यासाठी एक संकेतस्थळही उघडले. त्यात मोटारींचा आणि दुचाकींचा समावेश आहे. हा हक्क कागदावरून खेड्यातील गॅरेजपर्यंत पोचावयाचा असेल, तर तीन गोष्टी व्हावयास हव्यात. जुन्या गाड्यांसाठी इथेनॉल सोसणारी रबरी वायसरे व तोट्या प्रमाणित दर्जाच्या शिक्क्यासह तालुक्याच्या दुकानात मिळाव्यात. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांनी गावोगावच्या मिस्त्रींसाठी आठ-पंधरा दिवसांचे वर्ग काढून त्यांच्या हातच्या विद्येला नव्या इंधनाची माहिती जोडून द्यावी. आणि जुन्या वाहनांसाठी कमी मिश्रणाचे पेट्रोल निदान प्रत्येक तालुक्याच्या एका तरी पंपावर असावे.

मोठ्या खर्चाची मागणी यांत एकही नाही. नव्या गाड्यांत इंधन विजेच्या पंपाने सोडले जाते आणि बहुतेकींना ही तोटी उरलेलीच नाही. आणखी काही वर्षांनी हा प्रश्न आपोआप संपेलही. परंतु तोवर ज्यांचा संसार या जुन्या चाकांवर चालतो, त्यांच्या ओसरीत रात्री पेट्रोल ठिबकू नये, एवढी काळजी धोरण आखणाऱ्यांनी घ्यावयास काय हरकत आहे?