नेमका प्रश्न विचारणारी माणसं

दोन महिन्यांच्या आतलं तान्हं बाळ मिनिटाला ६० किंवा त्याहून जास्त वेळा श्वास घेत असेल, तर त्याला न्यूमोनिया असण्याची दाट शक्यता असते. हे कुठल्याही डॉक्टरला ठाऊक असतं. पण गडचिरोलीच्या जंगलातल्या खेड्यात डॉक्टर नव्हता. होती ती दाई. बाळंतपणं करून करून तिचे हात तयार झालेले; पण शाळेचं तोंडही न पाहिलेल्या बाईला साठपर्यंत मोजणं कसं जमायचं? मग बाळाला साधी सर्दी आहे की न्यूमोनिया, हे तिनं ओळखायचं कसं?

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६मध्ये सुरू केलेल्या ‘सर्च’ संस्थेनं याला जे उत्तर शोधलं, ते वाचताना मी दर वेळी थक्क होतो. एक छोटंसं साधन. त्यात एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि ओळीनं ओवलेले मणी, त्यातला शेवटचा लाल. दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत लाल मणी सरकवायची वेळ आली, तर बाळाला औषध हवं. अक्षरओळख नाही, मोठे आकडे नाहीत, वीज नाही; तरी निदान होतं.

पुढे याच संस्थेनं गावातल्याच बायकांना ‘आरोग्यदूत’ म्हणून तयार केलं. घरी जाऊन बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, स्तनपानासाठी आईला मदत करणं आणि जंतुसंसर्गाची चिन्हं ओळखून उपचार करणं, हे सगळं त्या शिकल्या. ३९ गावांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष १९९९मध्ये ‘द लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. ज्या गावांत हा प्रयोग नव्हता त्यांच्या तुलनेत इथले नवजात बालमृत्यू तिसऱ्या वर्षी ६२ टक्क्यांनी घटले होते. २०११मध्ये घरोघरी नवजात बालसेवेचा हा मार्ग ‘आशा’ कार्यकर्त्यांमार्फत देशभराचा कार्यक्रम झाला.

कॉलेजातल्या मित्रमैत्रिणींनो, समाजकार्य म्हटलं की डोळ्यांसमोर चादरी वाटण्याचा फोटो येतो. चादर वाटण्यात वाईट काही नाही. पण हे क्षेत्र त्याच्या कितीतरी पलीकडे जातं. समोरचा माणूस नेमका कुठे अडला आहे, हे शोधून काढण्याची त्यात एक रीतसर विद्या आहे, आणि ती शिकता येते, हीच मला सगळ्यात नवलाची गोष्ट वाटते. मायेनं चौकशी करणारी माणसं प्रत्येक गल्लीत असतात. पण ती चौकशी कशी करायची, कुठे थांबायचं, काय लिहून ठेवायचं, कुणाला कळवायचं, याचा अभ्यास असू शकतो हे जगाला तसं उशिराच सुचलं. अमेरिकेत मेरी रिचमंड यांनी १९१७मध्ये ‘सोशल डायग्नोसिस’ हा ग्रंथ लिहून या चौकशीची पद्धत मांडली. आपल्याकडे ते शिक्षण मुंबईत सुरू झालं. नागपाड्याच्या दाट वस्तीत काम करणारे अमेरिकन मिशनरी क्लिफर्ड मॅन्शार्ट यांच्या पुढाकारातून १९३६मध्ये ‘सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क’ उभं राहिलं. तीच आजची टाटा समाजविज्ञान संस्था, म्हणजे ‘टिस’.

ही विद्या दवाखान्यात कशी दिसते, ते पाहा. क्षयरोगाच्या साध्या प्रकारात किमान सहा महिने औषध घ्यावं लागतं. महिना-दोन महिन्यांत खोकला थांबतो, अंगात ताकद येते आणि रोगी औषध सोडतो. डॉक्टर रागावतात. पण समाजकार्यकर्ती विचारते, ‘दादा, गोळ्या कुठे ठेवता?’ या साध्या प्रश्नातून बरंच काही बाहेर येऊ शकतं. घरात कुणाला आजार कळू नये म्हणून गोळ्या लपवाव्या लागत असतील. औषध घ्यायला यायचं म्हणजे त्या दिवसाची मजुरी बुडत असेल. उपाशीपोटी गोळी घेतली की मळमळत असेल. रोग तोच, पण प्रत्येक घरातली अडचण वेगळी, आणि त्या अडचणीचा इलाज औषधाच्या चिठ्ठीवर लिहिलेला नसतो. म्हणून तर १९४६मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात देशातल्या पहिल्या वैद्यकीय समाजकार्यकर्त्याची नेमणूक झाली. आज आपल्या सरकारी रुग्णालयांत ‘समाजसेवा अधीक्षक’ नावाचं पद असतं. रांगेत उभं राहणाऱ्या बहुतेकांना ते माहीतच नसतं.

पोलिसांच्या आवारातही अशी एक खोली आहे. १९८४मध्ये ‘टिस’नं मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला आणि मुलांसाठी विशेष कक्ष सुरू केला. नवऱ्याचा मार खाऊन आलेल्या बाईला लगेच तक्रार नोंदवायची असतेच असं नाही. तिला आधी मार थांबायला हवा असतो, मुलं ताब्यात हवी असतात, रात्री झोपायला जागा हवी असते. ‘ताई, आज तुम्हाला काय व्हायला हवंय?’ असं विचारणारं माणूस पोलिसांच्याच छताखाली बसलेलं असणं, ही कल्पना मला क्रांतिकारक वाटते. समाजकार्यकर्ती तिला कायद्यातले पर्याय सांगते, स्त्रीधन परत मिळवायला मदत करते, आणि निर्णय मात्र त्या बाईचाच राहतो. हा कक्ष पुढे महाराष्ट्रभर पसरला, इतर राज्यांनीही तो उचलला. याच संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प १९९०पासून तुरुंगातल्या कच्च्या कैद्यांसोबत काम करतो. जामीन मंजूर होऊनही जामीनदार नाही म्हणून आत अडकलेल्या माणसाकडे तिथे कुणीतरी लक्ष देतं.

आणि अडचणीतल्या मुलांसाठीचा १०९८ हा नंबर? रात्रनिवाऱ्यातल्या मुलांना समाजकार्यकर्त्या जेरू बिलिमोरिया यांनी आपल्या घरचा फोन नंबर दिला होता. मुलं अवेळी फोन करू लागली. कुणी आजारी, कुणाला मारलेलं, कुणी नुसतं बोलायला. त्या फोनमधूनच १९९६मध्ये मुंबईत ‘चाइल्डलाइन’ ही चोवीस तासांची मोफत सेवा उभी राहिली. २०२३पासून ती सरकारी यंत्रणेमार्फत चालते. नंबर तोच आहे. पाठ करून ठेवा.

शिकायचं असेल तर बारावीनंतर बीएसडब्ल्यू करता येतं, आणि कुठल्याही शाखेच्या पदवीनंतर एमएसडब्ल्यूला जाता येतं. मुंबईत ‘टिस’ आणि निर्मला निकेतन, पुण्यात कर्वे समाजसेवा संस्था, शिवाय राज्यभर अनेक महाविद्यालयं आहेत. या अभ्यासक्रमाचा कणा म्हणजे फिल्डवर्क. विद्यार्थी वस्तीत, रुग्णालयात, बालगृहात जातो आणि परत येऊन काय पाहिलं, काय विचारलं, काय विचारायचं राहिलं, ते सविस्तर लिहितो. मग त्यावर शिक्षकांशी बोलणं होतं. ऐकणं ही सरावानं येणारी गोष्ट आहे, हे या वह्यांतून कळतं.

अडचणीही सांगायला हव्यात. बऱ्याच नोकऱ्या कंत्राटी असतात, पगार कामाच्या मानानं कमी असतो आणि दुसऱ्यांची दुःखं ऐकून मन थकतं. इतकं कौशल्य लागणाऱ्या माणसांना आपण असं राबवतो, हे मला साफ चुकीचं वाटतं. या क्षेत्रात येणाऱ्यांनी आपल्या पगाराबद्दल आणि आपल्या विश्रांतीबद्दलही ठामपणे बोललं पाहिजे.

तरीही एकदा जवळून पाहाच. कॉलेजात राष्ट्रीय सेवा योजना असेल तर कार्यक्रम अधिकाऱ्यांना भेटा. जवळच्या सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक कुठे बसतात ते शोधा, त्यांची वेळ घ्या आणि त्यांच्या कामाविषयी विचारा. जाताना वही न्या.