रायपूरचा भातसंग्रह आणि जीवविज्ञानातील नोकरी

जीवविज्ञान उद्योग म्हटला की पुणे, हैदराबाद, बंगळुरू हीच नावे विद्यार्थ्यांना आठवतात. छत्तीसगडची राजधानी रायपूर सहसा नाही. वस्तुतः १९८७ साली स्थापन झालेल्या तेथील इंदिरा गांधी कृषी विद्यापीठात भाताच्या २३ हजारांहून अधिक नमुन्यांचे जननद्रव्य जतन केलेले आहे. डॉ. आर. एच. रिछारिया यांनी १९७० च्या दशकात गावोगावचे वाण गोळा करून त्याचा पाया घातला. २००२ मध्ये सिंजेंटा कंपनीबरोबरचा संशोधन-सहकार्याचा प्रस्ताव लोकविरोधामुळे बारगळला, तो याच ठेव्यावरून.

अशा संग्रहाला जनुके वाचणारा जैवतंत्रज्ञ लागतोच. परंतु उभ्या पिकाचे गुणधर्म अचूक नोंदवणारा पैदासकार नसेल, तर ते वाचन निरुपयोगी ठरते. उंच, उशिरा पिकणाऱ्या सुवासिक दुबराजपासून भाभा अणुसंशोधन केंद्राच्या सहकार्याने बुटका व लवकर येणारा वाण निघाला, तो किरणोत्सर्गाने घडवलेले उत्परिवर्तन आणि नंतरची चिकाटीची निवड यांतून. केवळ प्रयोगशाळेपुरते शिकलेला पदवीधर नेमका इथे अडखळतो. संख्याशास्त्राची जाण आणि २००१ च्या पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायद्याची ओळख बियाणे कंपन्यांतही उपयोगी पडते.

रायपूरजवळच बरोंडा येथे भारतीय कृषी संशोधन परिषदेची राष्ट्रीय जैविक ताण व्यवस्थापन संस्था आहे. परिषदेतील शास्त्रज्ञांची निवड कृषी वैज्ञानिक भरती मंडळ पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत अशा तीन टप्प्यांत करते. पात्रतेच्या अटी विषयवार असल्याने पदव्युत्तर शाखा ठरवण्यापूर्वीच अधिसूचना वाचावी. न जुळणाऱ्या शाखेची पदवी पुढे अर्जालाच आडवी येते.